गोधडीत बांधलेले साठ डबे

फ्रिजच्या दारावर मेघाने चिकटवलेला कागद कोकिळेला तोंडपाठ होता. भात परातीत पसरायचा. वारा घालायचा. थर्मामीटरवर तीस आकडा दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही. त्याखाली लाल पेनाने, जणू खास आईसाठीच, एक ओळ जास्तीची लिहिलेली होती: ‘घाई असली तरी नाही. घाई असेल तेव्हा तर नाहीच.’

आणि आज घाई होती.

एप्रिलचा दुसरा आठवडा, बुधवार. सकाळी सव्वासातला धुळ्याच्या देवपुरातली वीज गेली आणि परातीसमोरचा टेबलफॅन दोन गिरक्या घेऊन थांबला. सात किलो तांदळाचा भात तीन परातींत वाफाळत पडलेला. स्वयंपाकघरात मदतीला येणाऱ्या भागाबाईंनी पदर खोचला, सूप उचललं आणि भातावर वारा घालायला सुरुवात केली. कोकिळेने थर्मामीटरची लांब सुई भातात खुपसली. बहात्तर.

“अक्का, जोरात घाला.”

“आनखी कितलं जोरात? मी काय पंखा शे?” भागाबाई म्हणाल्या. पण हात थांबला नाही.

नऊ वाजता अय्युबभाईंची व्हॅन दारात येणार होती. साठ डबे धुळ्याहून जळगावला जायचे होते. तिथल्या एका कंपनीच्या कचेरीत एक वाजता लोक जेवायला बसणार होते आणि त्यांच्या जेवणावर मेघाचं सगळं ठरणार होतं. मेघाचं म्हणजे कोकिळेचंही.

मेघा ही कोकिळेची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. झाली, पुण्याला राहून जपानी भाषेच्या दोन परीक्षा दिल्या आणि तीन वर्षांच्या करारावर जपानला गेली. कशासाठी, तर जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात. नातेवाइकांना सांगताना कोकिळेची जीभ अडखळायची. लोकांच्या पोरी परदेशात कॉम्प्युटरवर बसतात, आपली पट्ट्याशेजारी उभी राहून प्रत्येक डब्यातल्या भातावर एक खारवलेलं आंबट फळ ठेवते. एका पाळीत चार हजार डबे, चार हजार फळं. त्या तीन वर्षांत टीव्हीवर भूकंपाची पट्टी दिसली की कोकिळा हातातलं काम टाकून फोन शोधायची. भूकंप भलत्याच देशात झालेला असला तरी ती फोन करायची. “मेघा, बरी आहेस ना?” “आई, मी कामावर आहे. काय झालं?” “काही नाही. आवाज ऐकायचा होता.”

मेघा परत आली ती एक कल्पना घेऊनच. धुळ्यातही लोकांना दुपारी वेळ नसतो, ती म्हणाली. कोर्टातले वकील, बँकेतली कॅशियर, विम्याच्या ऑफिसातले, तपासणीच्या लॅबमधल्या मुली. हॉटेलात जायला अर्धा तास नाही, घरचा डबा गरम करायला सोय नाही, आणि भाजीचा रस्सा फायलीवर सांडतो. जपानी डब्यात रस्सा नसतो. चार कप्पे, प्रत्येकात दोन-चार घास, थंडच खायचे, दहा मिनिटांत संपतं, बोटंसुद्धा भरत नाहीत.

“थंड?” प्रेमराज म्हणाले होते. प्रेमराज म्हणजे मेघाचे वडील, साक्रीला तहसील कचेरीत नोकरीला, सकाळी सहाच्या एसटीने जायचे आणि रात्री परतायचे. “पोरी, खान्देशात लोकांना थंड भात देणार तू? इथे ठेचासुद्धा गरम भाकरीवर खातात.”

पण चाललं. हळूहळू चाललं. जपानी तांदूळ चिकट असतो, घासाला घट्ट राहतो. तसा तांदूळ मेघाने नाशिकमध्ये शोधला, पुण्यात शोधला आणि शेवटी सापडला कुठे, तर आजोळी. कोकिळेचं माहेर पिंपळनेरजवळचं. तिथल्या डोंगराकडच्या शेतांत पिकणारा आखूड दाण्याचा भात लहानपणी तिने रोज खाल्लेला. सासरी आल्यावर त्याच्या चिकटपणाची तिला लाज वाटायची. तोच तांदूळ मेघाने मुठीत दाबून पाहिला आणि म्हणाली, “आई, हाच!” भरिताची वांगी चिरून, भाजून, त्यावर सोयाबीनची आंबवलेली खारी पेस्ट लावली. अंड्याची गोडसर गुंडाळी, शाकाहारी डब्यात पनीर. काकडी व्हिनेगरात. भातावर तीळ. पहिल्या महिन्यात सहा डबे जायचे, सहाव्या महिन्यात अठ्ठावीस. साडेअकराला दारासमोर स्कूटर उभ्या राहायच्या, खिडकीतून डबा घेऊन निघून जायच्या. कोर्टातले एक वकील तर म्हणायचे, “मावशी, तुमचा डबा खाऊन उलटतपासणीला उभा राहतो. ढेकर येत नाही, झोप येत नाही, साक्षीदार घाबरतो.”

मात्र त्याच वकिलांनी एकदा जाता जाता आणखीही काही म्हटलं होतं. “सगळं झकास. फक्त भात जरा गरम असता ना, तर काय बहार आली असती!”

ते वाक्य कोकिळेच्या मनात जाऊन बसलं. मेघाला ती बोलली नाही. भात थंड करायची, आकडा बघायची, झाकण लावायची, कारण मेघा शेजारी उभी असायची. मनातून मात्र तिला ते कधीच पटलं नव्हतं. पाहुण्याला गार भात वाढला तर माणसं नावं ठेवतात, हे ती ज्या वयात शिकली त्या वयातलं शिकलेलं कागदावरच्या लाल ओळीने पुसलं जात नाही.

मार्च संपताना जपानच्या त्याच कारखान्याचं पत्र आलं. मेघाला परत बोलावलं होतं, या वेळी पट्ट्याशेजारी नव्हे, एका विभागाची प्रमुख म्हणून. पुन्हा तीन वर्षं. उत्तर या शुक्रवारपर्यंत. आणि त्याच सुमाराला जळगावहून दीपक सरांचा फोन आला. ते त्या कंपनीत व्यवस्थापनाचं बघायचे. धुळ्याच्या कोर्टात कामाला आले असताना त्यांनी मेघाचा डबा खाल्ला होता. “एकदा आमच्या साठ लोकांना खाऊ घाला. आवडलं तर आठवड्यातून चार दिवस, वर्षभर.”

मेघाने त्या रात्री जेवताना सरळ सांगितलं. “जळगाव झालं तर मी इथेच राहते, आई. तिथे छोटं स्वयंपाकघर टाकते. नाही झालं तर जाते. अठ्ठावीस डब्यांवर मी आयुष्य काढू शकत नाही.”

कोकिळेने मान हलवली होती. आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: जळगाव झालं पाहिजे.

रोजचे अठ्ठावीस डबे आजच्यापुरते बंद ठेवून मेघा पहाटेच्या एसटीने जळगावला गेली होती. दीपक सरांबरोबर साडेदहाला बैठक, मग जेवणाची मांडणी. जाताना तिने चारदा विचारलं, “जमेल ना?” आणि कोकिळा चारदा म्हणाली, “मी काय लहान आहे?”

आठ वाजून पाच मिनिटं. कोकिळेने सुई खुपसली. पंचेचाळीस.

अजून पाऊण तास हातात होता. सूप होतं, दोन माणसं होती, खिडकीतून थोडी झुळूकही येत होती. तिसावर नाही तरी बत्तीस-तेहेतिसावर भात नक्की आला असता. हे तिला तेव्हाही कळत होतं. पुढे कितीदा तरी तिने स्वतःला हे सांगितलं, की मला तेव्हाही कळत होतं.

भागाबाईंनी सूप खाली ठेवून घाम पुसला. “कोकिळाताई, एक ईचारू? इतला चांगला भात, वाफ निंघी राहिनी, आनि आपण त्याले मारी मारी थंडा करतस. पाव्हनास्ले थंडा भात देतस का कोनी?”

कोकिळा परातीकडे बघत राहिली. पांढरा, लुसलुशीत, तिच्या माहेरचा भात. साठ अनोळखी माणसं डबा उघडणार. पहिलाच घास. तो गार, घट्ट लागणार की ऊबदार? ऊबदार लागला तर कोण नाही म्हणेल? आणि कोणी नाही म्हटलं नाही, तर पोरगी घरी राहील.

“भरा अक्का,” ती म्हणाली. “असाच भरा.”

एकदा हात सुटले की मग सगळंच सुटलं. डबे पटापट भरले. झाकणं लागली तेव्हा आतल्या बाजूने वाफेचे बारीक थेंब दिसत होते. कोकिळेने ते बघितले आणि ऊब टिकली आहे असं स्वतःला समजावलं. फ्रीजरमध्ये मेघाने रात्री बर्फ करून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, डब्यांच्या क्रेटांमध्ये ठेवायला. त्या तिने ठेवल्याच नाहीत. उलट आतल्या खोलीतून दोन गोधड्या आणल्या, तिच्या आईने शिवलेल्या, आणि बाळंतिणीला गुंडाळावं तसे क्रेट गुंडाळले.

नऊला अय्युबभाई आले. पन्नाशीचा, सावळा, वीस वर्षं व्हॅन चालवणारा माणूस. मेघा शाळेत असताना याच व्हॅनने जायची.

“ये क्या भाभी?” त्यांनी गोधड्यांकडे बघितलं. “डबे भेजने हैं या दुल्हन?”

“गरम राहायला पाहिजेत.”

“मेघा बेटी तर बर्फ लावायला सांगायची.”

“आज नको. तुम्ही निघा अय्युबभाई, उशीर होईल.”

अय्युबभाईंनी खांदे उडवले आणि गाडी सुरू केली.

मेघाचा आणखी एक नियम होता. रोज प्रत्येक भरणीतला एक डबा घरी ठेवायचा, फ्रिजमध्ये नाही, बाहेर फळीवर, आणि गिऱ्हाइकं जेवतात त्याच वेळेला तो करणाऱ्याने स्वतः खायचा. ‘जो बनवतो त्याने तेच, त्याच वेळी खायचं.’ कारखान्यात प्रत्येक पाळीच्या प्रमुखाला हे करावं लागायचं म्हणे. तसा एक डबा आजही फळीवर होता. कोकिळा तो एक वाजता उघडणार होती.

पण पावणेअकराला अय्युबभाईंचा फोन आला.

“भाभी, पारोळ्याच्या पुढे ट्रक पलटला. अर्धा तास झाला, गाडी हलत नाही.”

“उन्हात उभे आहात?”

“सावली कुठून आणू? हायवे आहे. पण टेन्शन नका घेऊ, सुटेल. एकच्या आत पोचवतो.”

कोकिळेने फोन ठेवला. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. पत्र्याची व्हॅन, त्यात गोधड्या, गोधड्यांत डबे, डब्यांत वाफ. तिने फळीकडे पाहिलं. काही नाही, ती मनात म्हणाली, नुसतं बघते. आणि झाकण उघडलं.

झाकणावरून पाणी घरंगळून भातावर पडलं. तीळ ओले, काळपट. अंड्याची गुंडाळी घामेजलेली. काकडी शिजल्यासारखी मऊ. आणि वास. नासका नव्हता, नासका असता तर बरं झालं असतं, निदान शंका राहिली नसती. दमट, कोंदट वास, ओल्या फडक्यासारखा. तिने बोटाने भाताचं एक शीत उचललं. बोटाला किंचित तार आली. की आली नाही?

“अक्का, वास बघा.”

भागाबाईंनी नाक खाली नेलं. बराच वेळ नेलं. मग म्हणाल्या, “काही नही शे.” मग पुन्हा वाकल्या. “जरासा शे.”

“खाल्लं तर काय होईल?”

“मी खाई लिसू. माले काही व्हत नही. पन गावनं पोट आनि ऑफिसनं पोट एक नही शे ताई.”

कोकिळेने मेघाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बैठक असणार, फोन पर्समध्ये, आवाज बंद. तिसऱ्यांदा लावला. मग तिच्या लक्षात आलं की आता तिच्याशिवाय कोणाला काही माहीत नाही. भागाबाई बोलणार नाहीत. अय्युबभाईंना फक्त गोधड्या दिसल्या. गाडी सुटेल, डबे पोचतील, साठ माणसं खातील, दहाजण म्हणतील भात गरम होता, छान होता. कदाचित कोणालाच काही होणार नाही. तिच्या घरात चाळीस वर्षांत गरम भात झाकून ठेवल्याने कोण आजारी पडलं होतं?

आणि झालं तर? एखादी बाई घरी जाऊन उलट्या करेल. दुसरी लेकराला दूध पाजत असेल. कोणाला वाटेल ऊन लागलं, कोणाला वाटेल डबा. नाव मेघाचं.

पण थांबवलं तर जळगाव गेलं. जळगाव गेलं की मेघा गेली. हे सगळं ज्याच्यासाठी केलं तेच तिने आपल्या हाताने घालवायचं होतं.

फोन वाजला. अय्युबभाई. “भाभी, सुटली गाडी! आता थेट जळगाव.”

कोकिळेने फळीवरच्या उघड्या डब्याकडे पाहिलं.

“हॅलो? भाभी?”

“अय्युबभाई,” ती म्हणाली, “थांबा.”

“क्या?”

“एरंडोलच्या अलीकडे कुठे झाडाखाली थांबा. पुढे जाऊ नका. मी सांगेपर्यंत जाऊ नका.”

“भाभी, बारा वाजायला आले. इतक्या ट्रॅफिकमधून काढली गाडी, आणि तुम्ही...”

“थांबा म्हणते ना!” तिचा आवाज इतका चढला की भागाबाईंनी दारातून आत डोकावलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी मेघाचा फोन आला. तिच्या आवाजात हसू होतं. “आई, तीन मिस्ड कॉल! किती घाबरशील? बैठक मस्त झाली. दीपक सर म्हणाले जेवण बघू आणि लगेच ठरवू. डबे कुठवर आले?”

“एरंडोलच्या अलीकडे आहेत. मी थांबवले.”

“का?”

कोकिळेने सांगितलं. भात, गोधड्या, बर्फ, फळीवरचा डबा. पलीकडे कोणी तरी खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं, मग दार बंद झाल्याचं. मेघा बाहेर व्हरांड्यात आली असावी.

“लाइट गेली होती ना सकाळी?” मेघाने हळू विचारलं. “त्यामुळे भात थंड झाला नाही. असंच ना?”

ती दोरी टाकत होती. कोकिळेला ते कळलं. पकडली असती तर पोरगीच म्हणाली असती, आई तुझी काय चूक, लाइटच गेली.

“लाइट गेली होती,” कोकिळा म्हणाली. “पण वेळ होता, मेघा. पाऊण तास होता. मी मुद्दाम गरम भरला. लोकांना गरम आवडेल, तुला काम मिळेल, तू राहशील म्हणून.”

बराच वेळ नुसतं ऊन ऐकू येत होतं. म्हणजे कसलासा पंखा, दूरचं हॉर्न.

“आपण दुसरं काही करू,” कोकिळा घाईने म्हणाली. “मी आत्ता इथून...”

“आई.” मेघाचा आवाज सपाट होता. “आता काही करू नकोस. अय्युबचाचांना सांग, परत फिरा. बाकी मी बघते.”

आता काही करू नकोस. अय्युबभाईंना तेवढा निरोप देऊन कोकिळा ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि एक वाजेपर्यंत तशीच बसून राहिली. एक वाजता तिने फळीवरचा डबा पुढ्यात घेतला. नियम होता, जो बनवतो त्याने खायचं. भागाबाईंनी तो तिच्या हातातून ओढून घेतला. “येडी व्हयनी का?”

तीन वाजता व्हॅन दारात आली. अय्युबभाई उतरले ते जरा ओशाळून.

“भाभी, रागावू नका. झाडाखाली बसलो होतो, भूक लागली. एक डबा मी खाल्ला.”

“काय?”

“एक नंबर होता. वांगं तर...”

“अय्युबभाई, तुम्हाला काय सांगितलं होतं मी!”

“तुम्ही सांगितलं थांबा. खाऊ नका असं कुठे सांगितलं?”

त्या संध्याकाळी कोकिळेने अय्युबभाईंच्या घरी तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी त्यांची बायको सकीना वैतागली. “अरे भाभी, वो तो चाय पी के मोहल्ले में गप्पा मार रहा है. उसको कुछ नहीं होता. तुम्हीच झोपा आता.”

म्हणजे काहीच झालं नसतं. हा विचार तिला डब्याच्या वासापेक्षा वाईट वाटला.

मेघा सहाला आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, आईकडे बघितलं नाही. “डबे कुठे आहेत?”

क्रेट अंगणात सावलीत होते. मेघाने गोधड्या सोडल्या, घडी करून बाजूला ठेवल्या. मग एकेक डबा उघडायला लागली. उघडायची, वास घ्यायची, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. कोकिळा समोर बसली. फक्त झाकणांचा टक् टक् आवाज.

“तू काय सांगितलंस त्यांना?” शेवटी कोकिळेने विचारलं.

“माझ्या स्वयंपाकघरात चूक झाली, डबे खाण्यासारखे नाहीत, आणणार नाही.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, जेवणाच्या तासभर आधी सांगताय? मग कोणाला तरी कचोऱ्या आणायला पाठवलं. साठ लोक कचोऱ्यांच्या रांगेत उभे होते, मी कोपऱ्यात उभी होते.” मेघाने एक डबा डावीकडे ठेवला. “जाताना म्हणाले, बेटा, तू प्रामाणिक आहेस, पण मला रोज एक वाजता जेवण पाहिजे.”

“माझं नाव सांगायचंस.”

“स्वयंपाकघर माझं आहे, आई.”

शेवटचं झाकण लागलं तेव्हा अंधारू लागलं होतं. अय्युबभाईंनी खाल्लेला सोडून एकोणसाठ डबे. मेघाने डावीकडचे मोजले.

“सतरा,” ती म्हणाली. “सतरा डब्यांना वास आहे. मधल्या क्रेटमधले. गोधडीच्या आतले.”

“आता संध्याकाळ झाली म्हणून असेल. एक वाजता नसता आला.”

“नसता आला कदाचित. चार-पाच डब्यांना आला असता. की एकालाच?” मेघाने पहिल्यांदा आईकडे बघितलं. डोळे लाल होते. “तो एक कोण असता, हे तुला सांगता आलं असतं का?”

कोकिळेने एक ओलं झाकण उचललं आणि पदराने पुसायला लागली.

“कारखान्यात एक बाई होती, तुझ्याच वयाची,” मेघा म्हणाली. “तिच्या हातून एकदा फ्रीजरचं दार उघडं राहिलं. कोणाला कळलंही नसतं. तिने स्वतः जाऊन सांगितलं. पूर्ण पाळीचे डबे फेकून दिले. त्या दिवशी तिच्याशी कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. मला तिचा राग आला होता, कारण चार हजार फळं मी ठेवली होती.” ती उठली, क्रेट एकावर एक ठेवू लागली. “आज तुझा राग आला. अजून आहे. पण तू फोन केलास.”

अंगणाच्या मागे दोघींनी खड्डा खणला. भाताचा ढीग खड्ड्यात पडताना कोकिळेला पिंपळनेरची शेतं आठवली, गुडघ्याएवढ्या चिखलात वाकलेली तिची आई आठवली आणि तिला पहिल्यांदा रडू आलं. मेघाने फावडं घेतलं आणि माती लोटली.

शुक्रवारी मेघाने जपानला होकार कळवला. प्रेमराज सोमवारी सहाच्या एसटीने न जाता रजा टाकून घरी बसले. कोकिळेने विचारलं, “माझ्यामुळे ना?” मेघा म्हणाली, “जळगाव मिळालं नाही म्हणून. तुझ्यामुळे असं म्हणून स्वतःला मोठं करू नकोस.” कोकिळेला ते पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. जूनच्या आरंभी मेघा गेली.

जाण्याआधी तिने अठ्ठावीस डबे आईच्या हवाली केले. कोकिळा म्हणाली होती, बंद करू. तू नसलीस तर वकील लोक माझ्या हातचा थंड भात कशाला खातील? मेघाने थर्मामीटर पुढे केला. “फ्रीजरवाल्या त्या बाईला दुसऱ्या आठवड्यात काय काम दिलं माहीत आहे? तापमान बघायचं. म्हणाले, हिच्याहून जास्त कोणी घाबरणार नाही.”

म्हणून आता देवपुरातल्या त्या घरात सकाळी कोणी गेलं तर कोकिळा परातीसमोर स्टुलावर बसलेली दिसते. ढग गडगडोत, वीज जावो, भागाबाई सूप फिरवत कितीही कुरकुरोत, तिची नजर आकड्यावरून हलत नाही. कोर्टातल्या वकिलांनी परवा पुन्हा काढलंच, “मावशी, भात जरा गरम...” आणि ती इतकी तीक्ष्ण म्हणाली, “घरी जाऊन खा मग,” की ते डबा घेऊन गुपचूप स्कूटरवर बसले. दुसऱ्या दिवशी मात्र आले.

साडेआठला फोन वाजतो. तिकडे बारा वाजलेले असतात, मेघाची जेवणाची सुट्टी. पाठीमागे कारखान्याची शिटी आणि परक्या भाषेतली गडबड.

“आई, किती?”

“चौतीस.”

“मग ठेव. मी थांबते.”

कोकिळा व्हिडिओ लावून फोन परातीसमोर एका डब्याला टेकवून उभा करते, म्हणजे पोरीलाही आकडा दिसेल. भागाबाई सूप हलवत राहतात. तेहेतीस. बाहेर एखादी स्कूटर लवकरच येऊन हॉर्न देते. कोकिळा सुई काढून भाताच्या मध्यभागी पुन्हा खुपसते, अजूनही, रोज. एकतीस.

“घाई करू नकोस,” फोनमधून आवाज येतो.

“मी काय लहान आहे?” ती म्हणते आणि झाकण हातात धरून थांबते.